प्री-सेटल्ड ते सेटल्ड : ब्रेक्झिटनंतरचे आमच्या घरातले कागद

ऑक्टोबर २०२५ मध्ये सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायचा हक्क, मंजूर झाल्याचा मेल आला आणि माझ्यापुरतं ब्रेक्झिटचं प्रकरण एकदाचं मिटलं. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं ह्यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झालं ते जून २०१६ ला, जून २०२६ ला त्याची दहा वर्षं. टीव्हीवर अजून वाद चालूच आहे, चूक झाली की बरोबर झालं, परत जायचं का, किती नुकसान झालं. पण त्या निकालानंतर आमच्यासारख्या घरांत नेमकं काय काय करावं लागलं ते कुणी सांगत नाही म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय. गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या घरांतल्या खूप बायका माझ्यासारख्याच आहेत, नवरा कागदावर युरोपियन आणि स्वतः भारतीय, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं प्री-सेटल्ड (पाच वर्षं भरायच्या आधी मिळणारा तात्पुरता हक्क) अजून तसंच पडून आहे. मी वकील नाही, फक्त आमचा अनुभव सांगते.

आम्ही मूळचे डिचोलीचे. सासऱ्यांचा जन्म गोवा पोर्तुगालकडे होता तेव्हाचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या रजिस्ट्रीत जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, तसं ह्यांनी घेतलं, भारतीय पासपोर्ट परत केला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्विंडनला आले. स्विंडनच का, तर तिथे आधीच आपली गोव्याची माणसं भरपूर आणि गोदामांत काम लगेच मिळतं. मी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फॅमिली परमिटवर आले, तेव्हा त्याला फी नव्हती. मी भारतीय पासपोर्ट सोडला नाही, सोडायचं कारणही नव्हतं.

२०१६ च्या मे महिन्यात काउन्सिलच्या निवडणुकीत आम्ही दोघांनी मत दिलं. पुढच्याच महिन्यात सार्वमताचं पोल कार्ड घरी आलं, ते एकटं माझ्या नावाचं. नियम असा होता की इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन सगळ्यांना, आणि युरोपियन लोकांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा, सायप्रसवाल्यांना. ज्या पोलिश, पोर्तुगीज, इटालियन लोकांच्या राहण्याचाच प्रश्न होता त्यांना मत नाही. ह्यांच्या पासपोर्टच्या जिवावर मी ह्या देशात आले होते आणि मत मला होतं, ह्यांना नव्हतं. २३ जूनला संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन रिमेनवर, म्हणजे युरोपियन युनियनमध्येच राहण्यावर, खूण केली. लेक पोटात होती, एकटी नको जाऊ म्हणून हे सोबत आले आणि बाहेर फुटपाथवर थांबले होते. ते हॉलबाहेर उभे आणि मी आत, हे मला आजही पटत नाही.

निकाल आला तेव्हा ५१.९ टक्के लीव्ह, ४८.१ टक्के रिमेन. लंडन, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड रिमेनकडे, स्विंडन लीव्हकडे. सकाळीच पंतप्रधान कॅमेरॉननी राजीनामा जाहीर केला, पाउंड घसरला आणि ह्यांच्या गोदामात एकाने सरळ विचारलं, मग तुम्ही लोक कधी निघताय. तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच वाटलं होतं की सोमवारपासून सगळे निघणार. हंटिंगडनला पोलिश लोकांच्या घरांत घाणेरड्या चिठ्ठ्या टाकल्याची बातमी त्याच दिवसांतली. आमच्या गल्लीत तसं काही झालं नाही, पण बसमध्ये फोनवर कोकणीत बोलताना मी आवाज खाली घ्यायला लागले.

आपल्याच लोकांमधला वाद तर जास्त जिवाला लागणारा होता. आम्ही जिथून डाळ-तांदूळ घ्यायचो त्या दुकानाच्या काकांनी लीव्हला मत दिलं होतं, उघड सांगायचे. त्यांचं म्हणणं, युरोपातून कुणीही उठून येतो आणि माझ्या भाच्याला मात्र व्हिसा मिळत नाही, हा कुठला न्याय. लीव्हच्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेलही तेव्हा हेच सांगत होत्या, बाहेर पडलो की करी हाउससाठी भारतीय उपखंडातून आचारी आणता येतील. काकांचा राग मला कळत होता, भाच्याचा व्हिसा खरोखरच नाकारला गेला होता. पण माझा नवरा त्यांच्यासमोर पिशवी धरून उभा असायचा आणि ते "युरोपियन लोक" म्हणायचे तेव्हा त्यात हेही आले हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही, कारण त्यांच्या लेखी हे गोव्याचे. पुढे भारतातून खूप माणसं आली हे खरं आहे, काकांचा अंदाज अगदीच चुकला नाही. फक्त आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना व्हिसाच्या फीशिवाय मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड (२०२४ चा दर) हेल्थ सरचार्ज भरावा लागतो आणि केअर वर्करना २०२४ च्या मार्चपासून बायको-मुलं आणता येत नाहीत. माझ्यासोबत काम करणारी साताऱ्याची मुलगी अशीच आहे, नवरा आणि मुलगा तिकडे. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांविरुद्ध उभं केलं त्या वादाने, मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

सासरे फोनवर म्हणायचे, हे आम्ही १९६७ ला बघितलंय. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा ह्यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला होता, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं. कौल नीट व्हावा म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. सासरे तेव्हा शाळकरी पोर, त्यांचं घर फुलाचं. ते सांगतात की निकालानंतर मामाच्या घरी जाणंयेणं बंद झालं आणि ते सुरू व्हायला एका लग्नाचं निमित्त लागलं. "पण तेव्हा कुणाला गोव्यात राहायला अर्ज करावा लागला नाही," असं ते पुढे म्हणाले, आणि फरक तोच होता.

पुढची अडीच-तीन वर्षं नुसती टांगणी. २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याची, नोटीस गेली. युरोपियन लोकांचं काय होणार ह्याची हमी सरकार लगेच देईना, वाटाघाटीत आम्हाला धरून ठेवलं होतं. घर घ्यायचं की नाही, लेकीला नर्सरीत घालायचं की गोव्याला परत जायचं, सगळं अधांतरी. लेक २०१७ ला इथेच जन्मली पण जन्मतः ब्रिटिश नव्हती, कारण बापाची तेव्हा पाच वर्षं भरली नव्हती. नंतर तिची नोंदणी करायची तर फी १,०१२ पाउंड, ती आम्ही भिशीचे पैसे आल्यावर भरली.

इथे राहायचा हक्क टिकवायला युरोपियन लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना ईयू सेटलमेंट स्कीम ह्या योजनेत अर्ज करायचा होता. त्या अर्जाला सुरुवातीला ६५ पाउंड फी ठरली होती, लहान मुलांना निम्मी. इतकी वर्षं कर भरणाऱ्यांनी राहण्यासाठी पैसे का द्यायचे ह्यावर बराच ओरडा झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी फी रद्द केली. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, ह्या अर्जाला सरकारी फी शून्य आहे. कुणी एजंट "सरकारी फी" म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठायचं.

३० मार्च २०१९ ला योजना सगळ्यांसाठी सुरू झाली. आम्ही एप्रिलमध्ये ह्यांचा अर्ज भरायला बसलो. ॲप तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आयफोनवर ते ऑक्टोबरमध्ये आलं, आणि ह्यांचा फोन नेमका आयफोन. शेजारच्या मुलाचा फोन आणला. पासपोर्टमधली चिप वाचायला फोन पासपोर्टवर ठेवायचा असतो, कव्हर काढून, आणि हलवायचा नाही. लाकडी टेबलावर ठेवल्यावर जमलं. मग चेहऱ्याचा फोटो, मग नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकायचा आणि कॉम्प्युटर स्वतः टॅक्सच्या नोंदी तपासतो.

इथे अडलं. लिस्बनच्या कागदांवर आमचं आडनाव पोर्तुगीज पद्धतीने लिहिलंय, स्पेलिंग वेगळं, आणि ह्यांच्या पहिल्या एजन्सीच्या पगारपत्रकांवर भारतीय पद्धतीने. बहुतेक त्यामुळेच सुरुवातीची वर्षं सापडलीच नाहीत आणि स्क्रीनवर प्री-सेटल्ड घेता का असा प्रश्न आला. थकलेला माणूस इथे "हो" दाबून मोकळा होतो, ओळखीच्या कितीतरी जणांनी दाबलं. तिथे दुसरा पर्याय असतो, मला पाच वर्षांचे पुरावे द्यायचे आहेत म्हणून, तो घ्यायचा. आम्ही दोन्ही स्पेलिंगची पत्रकं, पी-सिक्स्टी (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला), काउन्सिल टॅक्सची बिलं आणि स्पेलिंगबद्दल दोन ओळींचं पत्र जोडलं. जूनच्या सुरुवातीला सेटल्ड आलं.

पुरावे निवडताना बघायचं की कुठला कागद किती महिने भरून काढतो. पी-सिक्स्टी आणि वर्षाचं काउन्सिल टॅक्स बिल पूर्ण वर्ष भरतं. विजेचं एक बिल म्हणजे एकच महिना. पत्रावर तारीख आणि तुमचं नाव हवंच. फोटो, घरगुती पत्रं, शुभेच्छापत्रं चालत नाहीत. मी लेकीच्या वेळी घरी होते त्या काळाची टॅक्सची नोंद नव्हती, म्हणून सर्जरीकडून, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याकडून, तारखांसहित पत्र घेतलं, त्याचे २५ पाउंड गेले. ज्या बायका बाळंतपणात घरी होत्या त्यांनी हे आधीच मागून ठेवावं. घराच्या करारावर आणि बँक खात्यावरही स्वतःचं नाव घालून घ्या, सगळं नवऱ्याच्या नावावर असलं की बाई ह्या देशात होती हेच सिद्ध होत नाही.

माझी पाच वर्षं भरली नव्हती म्हणून मला त्याच जूनमध्ये प्री-सेटल्ड मिळालं, पाच वर्षांसाठी. भारतीय पासपोर्ट असल्याने दुसऱ्या शहरात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले आणि पोस्टाने कार्ड आलं. ह्यांना कार्ड काहीच नाही. युरोपियन लोकांचं सगळं ऑनलाइन, नऊ अक्षरांचा शेअर कोड काढायचा आणि घरमालकाला, मॅनेजरला द्यायचा. आमचा म्हातारा घरमालक म्हणायचा मला कागद दाखव, हे म्हणायचे कागद नसतोच, आणि तो बिचारा आपल्या लेकाला फोन लावायचा.

२०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी लेकीला घेऊन गोव्याला गेले. पंधरवड्यात विमानं बंद, मग लॉकडाउन. एप्रिलमध्ये गोव्यातून लंडनला खास विमानं सुटली पण ती ब्रिटिश नागरिकांना आधी. जुलैपासून थोडी विमानं सुरू झाली तेव्हा वडील परत बांबोळीला भरती होते. मी सप्टेंबरच्या शेवटी पोचले, म्हणजे सहा महिने उलटून गेले होते. आणि नियम हा की वर्षभरात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचा सलग वास तुटतो. गोदामाच्या कँटीनपासून देवळाच्या हॉलपर्यंत सगळे हेच सांगायचे, तुझं गेलं, पहिल्यापासून मोज. ते पूर्ण खरं नव्हतं. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं आणि कोविडसाठी वेगळ्या सवलती नंतर आल्या. पण तेव्हा ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि माझी रात्रीची झोप गेली.

त्याच वर्षाच्या शेवटी दिराचं झालं ते मात्र कधी भरून येणार नाही. त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट हातात होता. ३१ डिसेंबर २०२० ला रात्री अकरा वाजता मुदत संपत होती, त्याआधी इथे राहायला आलेल्यालाच हक्क. त्याचं तिकीट २६ तारखेचं. इथे कोरोनाचा नवा प्रकार सापडला आणि भारताने २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनची विमानं बंद केली. दोहामार्गे शोधलं, जागा मिळाली ती २ जानेवारीची. हे रात्रभर लॅपटॉपवर बसून होते, शेवटी मीच तो बंद केला. दीर आता पोर्तुगालमध्ये काम करतो. त्याला भावाकडे यायचं तर एप्रिल २०२५ पासून आधी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावा लागतो, २०२५ मध्ये त्याचे १६ पाउंड होते, आणि येऊन काम करता येत नाही.

३० जून २०२१ ही अर्जाची शेवटची तारीख होती. त्याआधीच्या महिन्यांत दर रविवारी आम्ही काही जण हॉलमध्ये फोन घेऊन बसायचो. ज्यांना ईमेल नाही अशा म्हाताऱ्या माणसांचे ईमेल उघडून देणं, फोटो काढून देणं एवढंच. इथे एक सावधगिरीची गोष्ट, नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं ह्या देशात गुन्हा आहे. टाइप करून देता येतं, काय निवडायचं ते सांगता येत नाही. गुंतागुंतीची प्रकरणं आम्ही नोंदणीकृत मोफत सल्लागारांकडे पाठवायचो. सुरुवातीला युरोपियन लोक तीसेक लाख आहेत असं धरलं जायचं, अर्ज आले साठ लाखांच्या वर. एवढी माणसं देशात आहेत हे माहीत नसताना त्यांच्यावर एवढा वाद घातला गेला.

प्री-सेटल्डवाल्यांनी पाच वर्षांत दुसरा अर्ज केला नाही तर हक्कच जातील असा मूळ नियम होता. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला. मग मुदती आपोआप वाढायला लागल्या, आधी दोन वर्षं, पुढे पाच. मलाही तसा मेल आला आणि मी थोडी निवांत झाले. पण जानेवारी २०२५ मध्ये गोव्याहून परत येताना मुंबईच्या काउंटरवर माझं कार्ड बघितलं, त्यावर छापलेली मुदत उलटून गेलेली. अशा बहुतेक कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत संपणार होती आणि त्याजागी ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन नोंद, हे मला माहीत होतं, मी खातं उघडलंही होतं, पण काउंटरवरच्या मुलीला सिस्टिममध्ये काही दिसेना. लेक माझा हात धरून उभी, मागे रांग. तिने वरिष्ठांना बोलावलं, मी फोनवर शेअर कोड काढून दाखवला, त्यांनी कुठेतरी फोन केला आणि गेट बंद व्हायच्या थोडं आधी सोडलं. प्रवासाआधी पासपोर्टचा नंबर खात्यात बरोबर जोडलाय का ते बघाच, पासपोर्ट नवा केला असेल तर आवर्जून, आणि शेअर कोडचा पीडीएफ फोनमध्ये ठेवा, एअरपोर्टच्या वायफायवर विसंबू नका.

घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात सेटल्डचा अर्ज टाकला. २०२० च्या गैरहजेरीसाठी वडिलांचं डिस्चार्ज कार्ड, रद्द झालेल्या तिकिटाचे मेल, पासपोर्टवरचे शिक्के आणि तारखांनुसार एका पानाची हकीकत, साध्या इंग्रजीत, रडगाणं न गाता. एप्रिलमध्ये त्यांनी अजून एक कागद मागितला, तो दिला, मग शांतता. फोन लावला की सांगायचे विचाराधीन आहे. अर्ज चालू असताना जुने हक्क कायम राहतात, अर्ज केल्याचं सर्टिफिकेट जपून ठेवा, माझ्या मॅनेजरने ते मागितलं होतं.

१६ जुलै २०२५ ला नियम बदलला. आता प्री-सेटल्डवाल्यांना गेल्या साठ महिन्यांत एकूण तीस महिने इथे राहिल्याचं दाखवलं तरी पुरतं. माझा निर्णय त्यामुळे झाला की कोविडच्या कागदांमुळे, ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं. पाच वर्षं मी ज्या सहा महिन्यांनी घाबरले होते त्यांचा पत्रात उल्लेखही नाही. मेल वाचून ह्यांनी काही न बोलता चहा टाकला आणि मी वडिलांना फोन केला, कारण ते इतकी वर्षं माझ्या ऑपरेशनमुळे तुझं अडलं म्हणत होते.

ह्यांचं एक काम राहिलंय. काउन्सिलच्या निवडणुकीत ह्यांना अजून मत आहे, पण २०२४ ला पार्लमेंटची निवडणूक झाली तेव्हा पुन्हा मी आत आणि हे बाहेर. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर पोर्तुगीज सोडावं लागत नाही, म्हणून आता ते अर्ज करणार, २०२५ च्या दराने १,७३५ पाउंड आणि त्याआधी पन्नास पाउंडांची लाइफ इन द यूके परीक्षा. मी घेणार नाही, भारताचं सोडावं लागेल, आणि मत मला तसंही आहे.

तुमचं प्री-सेटल्ड अजून असेल तर नुसत्या आपोआप वाढलेल्या मुदतीवर बसू नका. २०२५ पासून काही जणांचं आपोआप सेटल्ड होतंय, पण ज्यांच्या टॅक्सच्या नोंदी सलग आहेत त्यांचंच सोपं जाणार, घरी राहिलेल्या बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं मागे राहणार. खात्यावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल चालू आहे का तो आजच बघा, एजंटचा किंवा जुन्या सिमचा असेल तर बदलून घ्या, नाहीतर मेल येऊन जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.